आर्चडेली : वास्तुरचनेच्या शिक्षणातून घडलेले प्रकाशन

वास्तुरचना शिकणाऱ्याने पुढे इमारतीच उभाराव्यात, असा सर्वसाधारण समज असला, तरी या शिक्षणात इमारत कल्पिण्याइतकीच ती इतरांना उलगडून दाखवण्याची तालीम मिळते; तलविन्यास म्हणजे वरून दिसणारी खोल्यांची मांडणी आणि छेद म्हणजे इमारत उभी कापली असता दिसणारी तिची अंतर्रचना, यांच्या आधारे प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षकांसमोर आपला विचार मांडावा लागतो. या तालमीतून स्वतंत्र प्रकाशन कसे उभे राहते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘आर्चडेली’ होय.

चिलीच्या कॅथॉलिक विद्यापीठात वास्तुरचना शिकलेल्या दाविद बासुल्तो आणि दाविद असाएल यांनी 2006 साली सांतियागोत ‘प्लाताफोर्मा आर्कितेक्तुरा’ हे स्पॅनिश भाषेतील जालप्रकाशन सुरू केले. त्या विद्यापीठाचे ‘आर्क’ हे नियतकालिक 1980 पासून निघत होते, परंतु जगाचे लक्ष वेधणारी छापील मासिके प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील होती. चिलीत मात्र मोलाचे काम घडत होते : आलेहांद्रो आराव्हेना यांच्या ‘एलेमेंताल’ या संस्थेने इक्वीके येथील वसाहतीत अर्धे घर बांधून देऊन उरलेले अर्धे कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना 2004 मध्ये प्रत्यक्षात आणली होती. अशा कामांना दूरचा वाचक मिळावा, यासाठी मार्च 2008 मध्ये इंग्रजी ‘आर्चडेली’ अवतरले आणि पुढे पोर्तुगीज व चिनी आवृत्त्याही निघाल्या.

या प्रकाशनाचे बळ वर्गीकरणात आहे. प्रत्येक प्रकल्पासोबत वास्तुरचनाकार, स्थळ, क्षेत्रफळ, वर्ष आणि छायाचित्रकार यांची नोंद ठरावीक साच्यात होत असल्याने शाळा, ग्रंथालय किंवा छोटे घर यांची उदाहरणे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते संदर्भसंग्रहासारखे वापरता येते. वाचन विनामूल्य असून उत्पन्नाचा मोठा आधार बांधकाम-साहित्याच्या उत्पादकांकडून येतो, कारण फरशी किंवा काच निवडणारा वास्तुरचनाकारच येथे वाचक असतो.

याच रचनेत प्रकाशनाची मर्यादाही दडलेली आहे. प्रकल्पाचा मजकूर बहुधा रचनाकाराच्या कार्यालयातूनच येतो आणि छायाचित्रे नव्याकोऱ्या इमारतीची असतात, त्यामुळे दोन पावसाळ्यांनंतर ती कशी टिकली किंवा राहणाऱ्यांना कशी मानवली, हे वाचकाला क्वचितच कळते. 2020 मध्ये स्वित्झर्लंडमधील एनझेडझेड या माध्यमसमूहाने हे प्रकाशन विकत घेतले आणि मालकीच्या अर्थाने त्याचे स्वातंत्र्यही संपले.

प्रसिद्धीची दारे परिघावरच्या देशांना खुली करण्याचे श्रेय या प्रकाशनाला निःसंशय जाते, परंतु समीक्षेचे काम त्याने वाचकावरच सोपवले आहे; म्हणून छायाचित्रावर भाळण्याआधी वाचकाने तलविन्यास आणि छेद उघडून पाहावेत, हेच उचित.