दोन जीबीच्या फोनमधली सामाईक जमीन

खरीप अंगावर आला की ताडकळसच्या शिवारात, सोयाबीन-तुरीच्या बांधावर मोबाइल बाहेर निघतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो शेतकऱ्यानेच काढून चढवायचा, असं ठरलं. हातातला फोन पुष्कळदा बेताच्या किमतीचा, रॅम दोन जीबी. त्यातच व्हॉट्सअ‍ॅप चालू, यूट्यूब अर्धवट उघडं. एवढ्याशा जागेत हे सगळं मावतं कसं?

अँड्रॉइडवरचं प्रत्येक अ‍ॅप ही वेगळी प्रोसेस असते आणि प्रत्येकीला अख्खं रनटाइम, म्हणजे अ‍ॅप चालवणारी यंत्रणा लागते, हजारो क्लासेससकट. ज्याने त्याने हे सामान स्वतंत्र भरलं तर रॅम बघता बघता संपेल. म्हणून फोन सुरू होतानाच ‘झायगोट’ नावाची प्रोसेस ते मेमरीत एकदाच भरून ठेवते. अ‍ॅप उघडलं की ती आपली प्रत काढते, पण नावापुरती. मेमरीची चार-चार केबीची पानं तीच राहतात. कुणी एखाद्या पानावर लिहायला गेलं, की प्रोसेसर त्याला अडवतो आणि अँड्रॉइडचा गाभा असलेला लिनक्स तेवढ्याच पानाची वेगळी प्रत काढून देतो. सामाईक गटात ज्याला विहीर पाडायची, त्याच्यापुरताच पोटहिस्सा पाडावा, तसं हे.

खरी मेख पुढेच आहे. काही प्रोग्रॅमिंग भाषांत नुसतं वाचलं तरी लिहिणं होतं! पायथॉनमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला कितीजण वापरताहेत याचा आकडा त्याला चिकटूनच असतो. नुसता हात लावला तरी आकडा बदलतो आणि पान फुटतं. निरुपयोगी ऑब्जेक्ट शोधणारा गार्बेज कलेक्टरही त्यांच्या माथ्यावरच नोंदी करतो. इन्स्टाग्रामच्या पायथॉनवर चालणाऱ्या सर्व्हरवर त्यापायी सामाईक मेमरी झपाट्याने आटत होती. तो कलेक्टरच बंद केला आणि कार्यक्षमता सुमारे १० टक्क्यांनी वाढली, असं त्यांनी २०१७ मध्ये सांगितलं.

मला भावतो तो मात्र दुसरा उपाय: खुणा ऑब्जेक्टवर करायच्याच नाहीत, बाजूच्या वेगळ्या वहीत करायच्या. अँड्रॉइडच्या डाल्विक या जुन्या रनटाइमने पहिल्यापासून तेच केलं. रुबी या भाषेने २०१३ मध्ये, २.० आवृत्तीत ती वाट धरली. पायथॉनचा आकडा असा सहजासहजी हलवता येत नव्हता. तिथे २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत ‘नन’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ अशा सतत लागणाऱ्या ऑब्जेक्टना अमर ठरवलं गेलं. त्यांचा आकडा आता बदलतच नाही.