पाड्यावरचे सौर पॅनेल निकामी झाल्यावर

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत पावसाळाभर धो धो पाऊस कोसळूनही उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याची टंचाई भासते, त्यामुळे दरीतले पाणी वर चढवणाऱ्या सौर पंपांचे मोल येथे वेगळे सांगावे लागत नाही. परंतु पंचवीस-तीस वर्षांनी, किंवा वादळात त्याआधीच, निकामी होणाऱ्या पॅनेलचे पुढे काय करायचे, याचा विचार ती बसवतानाच व्हायला हवा.

देशातील बहुतेक पॅनेल सिलिकॉनची असतात. दुसरा प्रकार कॅडमियम टेल्युराइडचा असून, फर्स्ट सोलर कंपनीचा चेन्नईजवळचा कारखाना सुरू झाल्यापासून तो देशातच तयार होतो. जस्त शुद्ध करताना मिळणारे कॅडमियम आणि तांबे शुद्ध करताना मिळणारे टेल्युरियम यांच्या या संयुगाचा जेमतेम तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागाच्या तिप्पट, जाडीचा थर दोन काचांमध्ये बंद असतो. त्यात चौरस मीटरमागे सुमारे ८ ग्रॅम कॅडमियम भरते. हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे धडधाकट पॅनेलखाली शेती करण्यात धोका नाही. धोका आहे तो फुटक्या, चुरा झालेल्या तुकड्यांवरून आम्लयुक्त पाणी दीर्घकाळ झिरपण्याचा. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीतले कॅडमियम भातखाचरांत उतरले आणि हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा रोग पसरला. त्याचे हे कारण तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. भाताचे रोप मातीतले कॅडमियम सहज शोषून घेते, आणि जव्हार-मोखाड्याच्या खोलगट जमिनीत भातच पिकतो. सिलिकॉनची पॅनेलही निर्दोष नव्हेत, कारण त्यांच्या जोडांच्या डाखात बहुधा शिसे असते.

पुनर्चक्रणाची रीत अवघड नाही: पॅनेल भरडून काचेवरचा थर आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइडने विरघळवतात, द्रावणातून धातू साक्याच्या रूपाने वेगळे काढतात आणि काच पुन्हा वापरात आणतात. फर्स्ट सोलर या पद्धतीने सुमारे ९० टक्के सामग्री परत मिळवल्याचे सांगते. अडचण आहे ती वाटेची. भंगारवाल्याला अॅल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची तार हवी असते, काच त्याच्या कामाची नसते; ती ओढ्याकाठी पडून राहण्याचीच शक्यता अधिक.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली असून, २०३४-३५ पर्यंत निर्माण होणारा पॅनेलचा कचरा त्याने साठवून ठेवायचा आहे. मात्र दोन-चार पॅनेलसाठी घाट चढून पाड्यावर कोणी आपण होऊन येणार नाही, म्हणून परत नेण्याची अट आणि वाहतुकीचा खर्च खरेदीच्या करारातच लिहिला गेला पाहिजे. तोवर ग्रामपंचायतीने फुटकी पॅनेल न तोडता छपराखाली ठेवावीत आणि पाठीमागच्या पट्टीवरील उत्पादकाचे नाव व मॉडेल क्रमांक नोंदवहीत उतरवून घ्यावेत, कारण ती पट्टी उन्हापावसाने पुसली गेल्यास जबाबदार कोणाला धरायचे, हे ठरवणेही कठीण होते.