टूर सोडली म्हणजे नक्की काय केलं?

जव्हार-मोखाड्यात गोल्फचं मैदान नाही. त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला गेलं की ‘गोल्फ क्लब मैदान’ लागतं, पण तिथं लोक जातात ते सकाळी फिरायला, नाहीतर रणजी सामना बघायला. तरी गेली काही वर्षं गोल्फच्या एका भांडणाच्या बातम्या आपल्याही मोबाइलवर येत असतात. अमुक खेळाडू सौदीच्या लीगकडे गेला, तमुकावर बंदी आली. त्यावरचा निकाल ठरलेला असतो: पैशासाठी विकले गेले.

मला हा निकाल घाईचा वाटतो. ज्या तालुक्यांतून दिवाळी सरली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, तिथल्या वाचकाला या भांडणातला खरा मुद्दा शहरातल्या वाचकापेक्षा लवकर समजेल असंही वाटतं. काम कोणाकडे करायचं हे कोण ठरवणार, हा तो मुद्दा आहे.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतली पीजीए टूर ही व्यावसायिक गोल्फमधली सर्वात मोठी जुनी व्यवस्था. जून २०२२ मध्ये लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर ‘लिव्ह गोल्फ’ नावाची नवी लीग सुरू झाली. पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा, म्हणजे पीआयएफचा. सुरुवातीचा साचा असा होता: ४८ खेळाडू, चारऐवजी तीन दिवस, कोणीही अर्ध्यातून बाहेर नाही, आणि प्रत्येक स्पर्धेला अडीच कोटी डॉलरची बक्षिसं. त्यातले दोन कोटी वैयक्तिक, पन्नास लाख संघांचे. शिवाय नामवंतांना करारापोटी वेगळी रक्कम.

‘चांगली नोकरी सोडून गेले’

नोकरी नव्हतीच. पीजीए टूरचा खेळाडू हा टूरचा सदस्य असतो, पगारी माणूस नसतो. विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीचे म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे पैसे, प्रशिक्षकाची फी, सगळं त्याच्या खिशातून जातं. नेहमीच्या चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवसांनंतर पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात. बाकीच्यांची त्या आठवड्याची बक्षिसाची कमाई शून्य. पाठ दुखली, हात मोडला, खेळ बिघडला, तर हंगामच कोरडा.

मग जी संस्था पगार देत नाही, ती दुसरीकडे खेळायला मनाई कशी करते? नियमाच्या बळावर. टूरची स्पर्धा चालू असताना त्याच आठवड्यात दुसरीकडे खेळायचं असेल तर परवानगी लागते. ती मोजक्या वेळाच मिळते, आणि उत्तर अमेरिकेत होणाऱ्या प्रतिस्पर्धी स्पर्धेसाठी मिळतच नाही. लिव्हसाठी परवानग्या नाकारल्या गेल्या, तरी खेळाडू गेले. ९ जून २०२२ ला, पहिल्या स्पर्धेचा पहिला फटका बसला त्याच दिवशी, टूरचे आयुक्त जे मोनाहन यांनी १७ जणांना निलंबित केलं. ऑगस्टमध्ये फिल मिकल्सनसह ११ खेळाडू टूरविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या संघराज्य न्यायालयात गेले. टूर मक्तेदारी करते, हा त्यांचा दावा होता.

इथं मला भट्टीची उचल आठवते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घेतली की तो हंगाम त्याच मालकाचा. दुसऱ्या भट्टीवर भाव जास्त मिळाला तरी हलता येत नाही. कायदा मात्र वेगळं सांगतो: १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं आहे. कोट्यधीश गोल्फपटू आणि वीट थापणारं कुटुंब यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते मला पुसायचं नाही. पण टूरने तर उचलही दिलेली नव्हती. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. तत्त्व जुनं आहे आणि श्रीमंत-गरीब बघत नाही.

टूरचीही बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. टीव्ही कंपन्या आणि प्रायोजक पैसे देतात ते ठरावीक मोठी नावं मैदानात दिसतील या भरवशावर. प्रत्येकाने सोयीचे आठवडे निवडले तर तो भरवसाच उरत नाही, आणि फटका बसतो तो क्रमवारीत शंभराव्या-दीडशेव्या असलेल्या, कुठलीही लीग ज्याला बोलावत नाही अशा खेळाडूला. युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या लवादाने हे म्हणणं मान्य केलं आणि परवानगीविना खेळलेल्यांना ठोठावलेला एक लाख पौंडांचा दंड कायम ठेवला. तेव्हा कायदा सरसकट खेळाडूंच्याच बाजूने आहे, असंही समजू नये.

‘असं बंड पहिल्यांदाच झालं’

पीजीए टूर स्वतःच बंडातून जन्मली आहे. पीजीए ऑफ अमेरिका ही १९१६ ची संस्था. तिच्यात बहुसंख्य होते ते क्लबांवर शिकवणारे व्यावसायिक. स्पर्धा खेळून पोट भरणाऱ्यांना वाटू लागलं की टीव्हीचा पैसा आपल्या खेळावर येतो आणि त्याचा निर्णय दुसरेच करतात. १९६८ मध्ये ते फुटले, स्वतःची संघटना काढली, आणि वर्षअखेरीच्या तडजोडीतून खेळाडूंचा वेगळा विभाग तयार झाला. आजची पीजीए टूर ती हीच. २०२२ मध्ये निष्ठेची भाषा सर्वांत मोठ्याने तिनेच केली.

क्रिकेटवाल्यांना हे नवं नाही. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केरी पॅकरने जगातले उत्तम खेळाडू स्वतःच्या मालिकेसाठी उचलले, आंतरराष्ट्रीय मंडळाने बंदी घातली, आणि त्याच नोव्हेंबरात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्लेड यांनी ती बंदी व्यवसायावरचं बेकायदा बंधन ठरवली.

आपल्याकडची आवृत्ती २००७ ची. सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहाला क्रिकेटचे प्रक्षेपण हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी इंडियन क्रिकेट लीगच (आयसीएल) काढली. कार्यकारी मंडळावर कपिल देव आणि किरण मोरे, ‘मुंबई चॅम्प्स’चे प्रशिक्षक संदीप पाटील, त्या संघाकडून खेळायला ब्रायन लारा. नोव्हेंबर २००७ च्या अखेरीस पंचकुल्यात सामने सुरू झाले. बीसीसीआयने दारं लावली: रणजी नाही, भारतीय संघ नाही. कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचं अध्यक्षपद गमवावं लागलं. या लीगकडे गेलेल्या मुलांमध्ये बरेच जण असे होते की ज्यांना भारतीय संघाची आशा उरली नव्हती आणि वर्षभर रणजी खेळून घर चालत नव्हतं. त्यांना गद्दार म्हणणं तेव्हाही मला पटलं नव्हतं.

आणि बीसीसीआयने काय केलं? आयसीएलचे सामने सुरू होण्याआधीच, सप्टेंबर २००७ मध्ये, आयपीएल जाहीर केली. बंडखोरांची कल्पना मूळ संस्थेने उचलली आणि जास्त मोठी करून दाखवली. पीजीए टूरनेही हेच केलं: लिव्ह आल्यावर दोन-दोन कोटी डॉलर बक्षिसांच्या खास स्पर्धा काढल्या. एवढा पैसा आधी का दिला जात नव्हता, हा प्रश्न टूरमध्ये राहिलेल्यांनीही विचारायला हवा होता.

दारं लावण्याला किंमत असते, हेही आपल्याकडे दिसलं. आयपीएलला टक्कर देणारी दुसरी लीग आम्ही मान्य करणार नाही, असं आश्वासन बीसीसीआयने प्रक्षेपण करारात दिलं होतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये त्याबद्दल ५२.२४ कोटी रुपयांचा दंड केला. प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो आदेश रद्द झाला, तेव्हा आयोगाने २०१७ मध्ये तेवढाच दंड पुन्हा ठोठावला.

‘संपलेले खेळाडूच गेले’

काही गेले हे खरं. मिकल्सन पन्नाशी ओलांडलेला होता, ली वेस्टवूड त्याच्या जवळपास. पण कॅमेरॉन स्मिथचं बघा. मार्च २०२२ मध्ये त्याने प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकली, जुलैत सेंट अँड्र्यूजवर ओपन जिंकली, आणि ऑगस्टअखेर तो लिव्हमध्ये होता, वय २९.

त्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये स्मिथच्या मागे एकाच फटक्याने दुसरा आला तो अनिर्बान लाहिरी. जन्म पुण्याचा, १९८७ चा. वडील लष्करात डॉक्टर, म्हणून बालपण वेगवेगळ्या छावण्यांत गेलं आणि गोल्फची ओळख वडिलांमुळेच झाली. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला होता. एवढं असून पीजीए टूरवर त्याला एकही विजेतेपद मिळालेलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षीची जागा टिकवण्याची धास्ती त्याच्यासारख्याला दर हंगामात असते. स्मिथ आणि लाहिरी यांची नावं लिव्हने एकाच दिवशी जाहीर केली. सप्टेंबर २०२२ मध्ये बोस्टनला पहिल्याच स्पर्धेत लाहिरी प्लेऑफपर्यंत गेला, डस्टिन जॉन्सनकडून हरला, आणि १८ लाख डॉलरहून जास्त घेऊन आला. ब्रायसन डिशॅम्बोच्या ‘क्रशर्स’ संघातून त्याने २०२३ चं सांघिक विजेतेपदही मिळवलं. लिव्हच्या २०२२ च्या पहिल्या हंगामात स्पर्धेत शेवटचा, ४८ वा येणाऱ्यालाही १ लाख २० हजार डॉलर मिळत. घरदार असलेल्या पस्तिशीतल्या माणसाने हा हिशेब केला, तर त्यात लोभ असेलही, पण मला त्यात मुख्यतः निर्धास्तपणाची गरज दिसते.

‘मोठ्या स्पर्धांतून कायमचे बाद’

चार मोठ्या स्पर्धा पीजीए टूरच्या मालकीच्या नाहीत. मास्टर्स ऑगस्टा नॅशनल क्लबची, यूएस ओपन यूएसजीएची, ओपन आर अँड ए ची, पीजीए चॅम्पियनशिप पीजीए ऑफ अमेरिकाची. पात्र ठरणाऱ्या लिव्हच्या खेळाडूंना त्यांनी दार बंद केलं नाही. ब्रूक्स केप्काने २०२३ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि डिशॅम्बोने २०२४ ची यूएस ओपन जिंकली ती लिव्हमध्ये असतानाच.

खरा तोटा झाला तो क्रमवारीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीच्या मंडळाने लिव्हचा अर्ज फेटाळला. ठरावीक खेळाडूंची बंद लीग, बाहेरच्याला आत यायला पुरेसा रस्ता नाही, असं कारण दिलं, आणि मला ते योग्य वाटतं. गुण नाहीत म्हणून क्रमवारी घसरत गेली, आणि ऑलिम्पिकची जागा क्रमवारीवरच ठरते. टोकियोत लाहिरी होता, त्याच्या जोडीला पुण्याचा उदयन माने होता. पॅरिसला भारताकडून गेले शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर. लाहिरीची निवड स्वतःची होती आणि तिची किंमतही त्याने स्वतः मोजली.

‘परतीचा रस्ता नाही’

बंदीची भाषा नेहमी आजन्म असते, बंदी क्वचितच तशी राहते. आयसीएल दोन वर्षांत बंद पडली, खेळाडूंची देणी थकल्याच्या तक्रारी झाल्या. २००९ मध्ये बीसीसीआयने परत येऊ इच्छिणाऱ्यांना माफी दिली. अंबाती रायुडू आयसीएल खेळला होता. २०१० मध्ये तो मुंबई इंडियन्सकडे आला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. संदीप पाटील तर २०१२ मध्ये त्याच बीसीसीआयच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले. गोल्फमध्ये केप्का डिसेंबर २०२५ मध्ये लिव्हमधून बाहेर पडला आणि पुढच्याच महिन्यात पीजीए टूरने त्याला आत घेतलं. अटी होत्या, पन्नास लाख डॉलर दान करण्याचीही. दार मात्र उघडलं.

‘दोघांचं विलीनीकरण झालं’

नाही झालं. ६ जून २०२३ ला पीजीए टूर, डीपी वर्ल्ड टूर आणि पीआयएफ यांनी जाहीर केली ती कराराची रूपरेषा. तिच्यामुळे कोर्टातले दावे मागे घेतले गेले, पण अंतिम करार नंतरच्या दोन वर्षांतही झाला नाही.

‘सौदीचा पैसा, आपल्याला काय त्याचं’

लिव्हवरचा सर्वांत वजनदार आक्षेप या पैशाचाच आहे, आणि तो मी हलका करणार नाही. पत्रकार जमाल खशोगी यांची २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली. त्या कारवाईला युवराज मोहम्मद बिन सलमान यांची मंजुरी होती, असा निष्कर्ष अमेरिकी गुप्तचरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. युवराज तो नाकारतात. पीआयएफचे अध्यक्ष तेच आहेत. खेळाच्या चकाकीत असं काही झाकलं जाऊ नये, ही मागणी न्याय्य आहे.

पण ती एकट्या गोल्फपटूकडे करून भागत नाही. टूरच्या अधिकाऱ्यांनी वर्षभर खेळाडूंना या पैशाबद्दल नैतिकतेचे पाठ दिले आणि मग त्यांना अंधारात ठेवून त्याच निधीशी बोलणी केली. आपल्या खिशातला फोनही यातून सुटत नाही: जून २०२० मध्ये पीआयएफने ११,३६७ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा २.३२ टक्के हिस्सा घेतला. नोव्हेंबर २०२४ मधला आयपीएलचा मोठा लिलाव झाला तोही जेद्दाहला.

आता टूर सोडण्याचा हा वाद भारतीय गोल्फमध्येच आला आहे. २०२५ मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग उभी राहिली, आणि पॅरिसला गेलेला भुल्लर तिच्याकडे गेला. जुनी व्यवस्था म्हणजे पीजीटीआय, प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया. तिचे अध्यक्ष २०२४ पासून कपिल देव आहेत. २००७ मध्ये बाहेर पडलेल्या क्रिकेटपटूंच्या बाजूने जे उभे होते, ते आज जुन्या टूरच्या बाजूला बसले आहेत. दार बंद झाल्यावर बाहेरच्याचं काय होतं, हे त्यांच्याइतकं जवळून पाहिलेला माणूस भारतीय खेळात दुसरा नसेल. म्हणूनच दोन्हीकडे खेळू पाहणाऱ्या पोरांबाबत ते काय नियम करतात, याकडे माझं लक्ष आहे.