तुम्ही काय खाल्लं, हे रक्त सांगणार? लॅबमधले रोबोट नेमकं काय करतात, समजून घ्या

परवा रात्री जेवणात काय होतं आणि किती होतं, आठवतंय? आहार आणि आजारांचा संबंध शोधणाऱ्या संशोधकांची अडचण इथेच सुरू होते. लोक विसरतात, काही जण कमी सांगतात. म्हणून आता हाच प्रश्न थेट रक्ताला आणि लघवीला विचारला जातोय.

बायोमार्कर म्हणजे काय?
शरीराची स्थिती दाखवणारी, मोजता येणारी खूण. रक्तातली साखर हे ओळखीचं उदाहरण. संत्री-मोसंबी खाल्ल्यावर लघवीत 'प्रोलीन बीटेन' वाढतं, म्हणजे फळ खाल्ल्याचा पुरावाच मिळतो. एका नमुन्यातून असे अनेक रेणू एकदम मोजणं म्हणजे मॉलिक्युलर प्रोफायलिंग.

मग रोबोट कशाला?
मोजणीआधीच चूक शिरू शकते. नमुना वितळवणं, पिपेटने काही मायक्रोलीटर उचलणं, प्रथिनं वेगळी करणं ही कामं सोमवारी एकाने आणि शुक्रवारी दुसऱ्याने केली, तर आकडे थोडे हलतात. याला 'बॅच इफेक्ट' म्हणतात. हा फरक आजाराची खूण समजला गेला, तर संशोधन भरकटतं. रोबोट बारकोड वाचून ९६ खळग्यांची प्लेट दर वेळी एकसारखी भरतो. प्रत्येक प्लेटमध्ये काही ठरावीक नमुनेही असतात. त्यांचे आकडे सरकले, की गडबड लगेच कळते.

प्रत्यक्षात कुठे?
'यूके बायोबँके'ने २००६ ते २०१० मध्ये ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख जणांना सहभागी करून घेतलं. उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवलेले नमुने तिथे यंत्रच शोधून काढतं. फिनलंडच्या 'नाइटिंगेल हेल्थ'ने एनएमआर तंत्राने प्रत्येक नमुन्यातून सुमारे २५० मोजमापं काढली. पहिल्या सुमारे १ लाख २० हजार जणांची माहिती २०२१ मध्ये संशोधकांना खुली झाली.

आपल्याशी काय संबंध?
पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणी रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. नुसतं ताट पाहून हे कळलं नसतं. बायोबँकेतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे आहेत. त्यामुळे तिथले निकष आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

एक सावधगिरी
'टीएमएओ' या रेणूचा संबंध हृदयविकाराशी जोडला जातो. पण मासे खाल्ल्यावरही तो वाढतो. म्हणजे खूण सापडली, की कारण सापडलं असं नाही. रोबोट आकडे अचूक देईल. त्यांचा अर्थ मात्र माणसालाच लावावा लागेल.