उरोस्थिबंधन, विलंबित

खुल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर छाती लगेच न मिटता, हृदयाची सूज ओसरेपर्यंत ती हेतुपुरस्सर उघडी ठेवण्याच्या पद्धतीस ‘विलंबित उरोस्थिबंधन’ म्हणतात. शस्त्रक्रिया अर्धवट राहिल्याची ही खूण नसून तो उपचाराचाच एक भाग आहे.

हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी उरोस्थी (छातीच्या मध्यभागातील हाड) उभी कापतात व अखेरीस तिचे दोन्ही भाग बहुधा पोलादी तारांनी जोडतात. शस्त्रक्रिया चालू असता रक्ताभिसरण हृद्-फुप्फुस यंत्राद्वारे होते. यंत्राच्या कृत्रिम पृष्ठभागांशी रक्ताचा संपर्क आल्याने शरीरात शोथप्रतिक्रिया उद्‌भवते, केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि हृदय व फुप्फुसे सुजतात. नवजात अर्भकाच्या छातीत तर मुळातच जागा थोडी असते. अशा वेळी हाड जोडल्यास हृदय दाबले जाते. त्याचे कप्पे पुरेसे भरत नाहीत व रक्तदाब उतरतो. हाड पुन्हा विलग करताच तो सुधारू शकतो. हृदयावरील या दाबाचे वर्णन वैद्यकीय साहित्यात १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तस्राव न थांबल्यासही ही पद्धत अवलंबितात.

उघड्या भागावर कृत्रिम पदार्थाचा निर्जंतुक पडदा शिवतात किंवा शक्य असल्यास केवळ त्वचा मिटतात. रुग्णास अतिदक्षता विभागात गुंगीत व कृत्रिम श्वसनावर ठेवतात. लघवीवाटे जादा द्रव निघून गेला, रक्तस्राव थांबला आणि रक्तदाब स्थिरावला म्हणजे, बहुधा एक ते काही दिवसांनी, हाडाचे भाग हळूहळू जवळ आणून पाहतात. त्या वेळी रक्तदाब घसरल्यास बंधन पुन्हा लांबणीवर टाकतात. छाती जितकी अधिक काळ उघडी राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून हृदयावरील दाब व संसर्ग या दोन धोक्यांचा तोल साधूनच निर्णय घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या संस्थांत परळ (मुंबई) येथील के. ई. एम. रुग्णालय प्रमुख होय. तेथे १९६८ मध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे प्रतिरोपण केले होते. पुढे नवी मुंबईतही सोयी वाढल्या. खारघर येथे बालहृदयरोगांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी केंद्र असल्याने रबाळ्यासारख्या औद्योगिक वस्तीतील कुटुंबांना आता त्यासाठी केवळ परळवर विसंबावे लागत नाही. अतिदक्षता विभागात अर्भकाची छाती पडद्याने झाकलेली पाहून पालक हादरतात. हा विलंब हृदयाला जागा मिळावी म्हणून योजलेला आहे, हे त्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगणे आवश्यक ठरते.