समुद्र की डोंगर? आधी घरातल्या नाजूक माणसाचा विचार करा

भीमजयंती झाली, पोरांच्या परीक्षा आटोपल्या, की वस्तीत एकच विषय निघतो. यंदा कुठं जायचं? पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचं गाव. आता वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून दोन-तीन दिवस कुठंतरी फिरून यावं, असं आपल्या घरांतही वाटू लागलं आहे. चांगली गोष्ट आहे. राबणाऱ्या शरीराला विश्रांती लागतेच.

मागच्या आठवड्यात उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतली एक शेजारीण संध्याकाळी घरी आली. म्हणाली, "ताई, यंदा लेकराइले समुद्र दाखवाचा हाय. पन सासूबाई म्हनते चिखलदऱ्याले चाला. तुमी सांगा, कुठं जावं?"

मी तिला उलट विचारलं, "पोराचा पॅटर्न कोणता?" कारण मला माहीत होतं, तिच्या अकरा वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. सासूबाईंना बीपी आणि शुगर दोन्ही. धाकटी पोरगी ठणठणीत. म्हणजे ठिकाण ठरवताना पोरगी काय म्हणते, यापेक्षा मुलाचं रक्त आणि सासूबाईंची गोळी काय म्हणते, ते आधी पाहायला हवं. धडधाकट माणूस कुठंही मजा करून येतो. नाजूक माणसाला जे सोसेल, ते ठिकाण सगळ्या घराला सोसतं.

उकाडा सगळीकडे सारखा नसतो

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मुंबई-अलिबागकडे तो ३३-३४ च्या आसपास असतो. आकडा ऐकून वाटतं, समुद्रावर गारवा असेल. तसं नसतं. आपलं शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. समुद्राकाठच्या हवेत आधीच इतकी वाफ असते, की घाम अंगावरून नुसता वाहतो, वाळत नाही. त्यामुळे पाणी आणि मीठ शरीरातून जातं, पण अंग मात्र थंड होत नाही. विदर्भातल्या माणसाला या दमट उकाड्याची सवय नसते. पहिले दोन-तीन दिवस त्याला जास्त जड जातात, आणि आपली सहल तर तेवढ्याच दिवसांची असते.

डोंगराचंही गणित समजून घ्या. दर हजार मीटर चढलं, की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर आहे, नागपूर सुमारे तीनशेवर. म्हणजे फरक पाच अंशांचा. नागपुरात ४५ असेल, तर तिथे दुपारी चाळिशीच्या आसपास असू शकतं. 'थंड हवेचं ठिकाण' म्हणून भर दुपारी पोरांना पॉइंटवर उघड्या डोक्यानं फिरवाल, तर तिथेही ऊन लागेल. फायदा आहे तो सकाळचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा. रात्री झोप लागते. बीपीच्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं. आणखी एक. चिखलदऱ्याचे धबधबे पावसाळ्यातले, मे महिन्यात ते कोरडे असतात. पोरांना आधीच सांगून ठेवा.

सिकलसेल असलेल्या घरांनी नीट वाचावं

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही दोष आले, की एसएस, म्हणजे आजार. एकच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. त्यानं पाणी भरपूर प्यावं आणि उन्हात जीव तोडून धावपळ करू नये, एवढं पुरे.

एसएस असलेल्या मुलाच्या लाल पेशी चार कारणांनी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिनीत अडकतात: शरीरातलं पाणी कमी होणं, एकदम गारठा लागणं, दम निघेपर्यंत श्रम आणि ताप. पेशी अडकल्या की पुढे रक्त जात नाही आणि हाडांत, पोटात, छातीत कळा सुरू होतात. आता बघा, सहलीत नेमक्या याच गोष्टी घडतात. गाडीत लघवीची अडचण नको म्हणून पाणी कमी पितात, पाण्यात खेळून ओल्या कपड्यांनी वाऱ्यावर बसतात, पॉइंट बघायला पळत सुटतात.

मी वॉर्डात होते, तेव्हाची गोष्ट. नऊ वर्षांचा एक मुलगा रात्री आणला होता. दिवसभर तलावावर खेळला आणि ओल्या चड्डी-बनियानवर उघड्या टेम्पोतून घरी आला. ऊन कडक होतं म्हणून गारठ्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. पण ओल्या अंगाला चालत्या गाडीचा वारा लागला, की मे महिन्यातही अंग गार पडतं. सहा दिवस तो मुलगा कळा सोसत पडून होता. आई सारखी म्हणत होती, "आम्ही तर त्याच्या खुशीसाठी नेलं होतं." दोष तिचा नव्हता. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा:

• मुलाला दर अर्ध्या तासानं चार घोट पाणी द्या, तहान लागो न लागो. लघवी पांढरी होते म्हणून पाणी पुरेसं आहे, असं धरू नका. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. शरीरात पाणी कमी असलं, तरी लघवी पांढरीच होते.

• पाण्यात खेळणं दहा-पंधरा मिनिटं. बाहेर आल्याबरोबर अंग कोरडं करून सुके कपडे घाला. बर्फाचा गोळा, बर्फाचं पाणी नको.

• हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, जी गोळी चालू असेल ती सहलीतही चालू. एकही दिवस चुकवू नका.

• दुखायला लागलं तर शेक द्या, पाणी पाजा, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी द्या. बर्फ लावू नका. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक पांढरं पडणं किंवा पोट फुगणं, यातलं काहीही दिसलं तर सहल तिथेच थांबवून दवाखाना गाठा. १०८ ची गाडी मोफत आहे.

• 'सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही' असं काही जण म्हणतात. थोडंफार संरक्षण वाहकाला असतं. एसएस मुलाला मलेरिया झाला तर तो जास्त घातक ठरतो. मेळघाटात मुक्काम असेल, तर मच्छरदाणी घेऊनच जा.

चिखलदरा किंवा महाबळेश्वर एवढी उंची सिकलसेलच्या बऱ्या असलेल्या मुलाला सहसा चालते. हिमालयातल्या दहा हजार फुटांच्या सहली मात्र त्याच्यासाठी नाहीत, तिथे हवेतला प्राणवायू फार विरळ होतो. महिन्याभरात कळा येऊन गेल्या असतील, तर जवळच्या डोंगरावरही डॉक्टरांना विचारूनच जा.

सासूबाईंची गोळी आणि सासूबाईंचे पाय

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. दमट उकाड्यात घामानं पाणी जातं, गोळीनं आणखी जातं, आणि उठताना चक्कर येते. म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं आणि दुपारी ११ ते ४ सावलीत बसायचं.

शुगर जुनी असेल, तर पायांची जाणीव कमी होते. समुद्राची वाळू दुपारी तव्यासारखी तापते. अनवाणी चालताना भाजलेलं कळत नाही, मग जखम चिघळते. वाळूत असो की डोंगरावर, चप्पल पायातच राहिली पाहिजे आणि रात्री तळपाय बघितले पाहिजेत. इन्शुलिन असेल तर ते गाडीच्या डिकीत नको, बर्फातही नको. डबीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लहान मडक्यात ठेवा.

घरात दम्याचा माणूस असेल, तर धुळीचा विचार करा. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, पुढे बरेच जण पायी किंवा घोड्यावर जातात. उन्हाळ्यात तिथली लाल माती सारखी उडत असते. पंप खिशातच ठेवावा.

समुद्राचं पाणी

ज्यांना समुद्रावरच जायचं आहे, त्यांच्यासाठी. नदी-तलावात पोहणाऱ्यालाही समुद्र ओढून नेतो. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी बदलते आणि रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. गावातल्या कोळ्यांना वेळ विचारा. ओहोटी लागली असताना पाण्यात उतरू नका. लाट आत ओढू लागली, तर किनाऱ्याकडे सरळ झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं सरका. ओढ कमी झाली, की मग बाहेर या. मे संपत आला की समुद्र खवळू लागतो. १ जूनपासून तर मासेमारीलाही बंदी असते. तेव्हा मे अखेरीला पाण्यात उतरायचं नाही, काठावरूनच बघायचं. फिट येणाऱ्या माणसाला गुडघाभर पाण्यातही एकटं सोडू नका. दारू पिऊन तर कुणीच उतरू नये.

अंतर आणि खर्च

नागपूरहून मुंबईला रेल्वेनं आठशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि तिथून पुढे किनारा. मे महिन्यात दुपारी स्लीपरचा डबा भट्टीसारखा तापतो, म्हणून जायचंच तर रात्रीची गाडी धरा. चिखलदरा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पहाटे निघालात, तर ऊन चढायच्या आत अमरावती ओलांडता येते. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि ७५ च्या वर मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. परतवाड्यानंतर घाट लागतो. ओकारी होणाऱ्या पोराला पुढच्या सीटवर बसवा, निघताना तेलकट खाऊ घालू नका. मोठा दवाखाना लागलाच, तर अचलपूर-परतवाडा किंवा अमरावतीपर्यंत यावं लागेल, हे मनात धरून ठेवा.

मग काय ठरलं?

सगळं ऐकून शेजारीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे समुद्र राह्यलाच."

राहिला नाही, फक्त पुढे ढकलला. मे महिन्यात दोन रात्री चिखलदरा. आणि समुद्र हिवाळ्यात. आपल्यातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यातला पहिला समुद्र पाहिला तो दादरला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आल्यावर. त्या दिवसांत तिथे घामाच्या धारा नसतात, सासूबाईंनाही सोसेल. गाडीत रात्री गारठा असतो, तेवढी मुलासाठी शाल आणि कानटोपी घ्यायची. हे तिला पटलं.

निघताना पिशवीत एवढं असू द्या: ओआरएसची पाकिटं (एक पाकीट एक लिटर पाण्यात, नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ), थर्मामीटर, रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, सुके कपडे, टॉवेल, मच्छरदाणी, सिकलसेलचं कार्ड आणि जुने रिपोर्ट. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर त्याला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईचं दूध वरचेवर पाजा, आणि आईनं पाणी प्यावं.

आणि ज्यांच्या मुलांची सिकलसेलची तपासणी अजून झालीच नाही, त्यांनी तिकीट काढायच्या आधी सरकारी दवाखान्यात जाऊन ती करून घ्या. मोफत असते, बोटातून थोडं रक्त घेतात. त्यात दोष दिसला, तर पॅटर्न कळण्यासाठी पुढची तपासणी असते, तीही करूनच घ्या. माझी शेजारीण ठरवू शकली, कारण तिला मुलाचा पॅटर्न माहीत होता.