ओझ्यात काय आहे?

ओझ्यात काय आहे, हे खोताच्या घरगड्याने विचारायचे नसे. १९४९ च्या कायद्याने महाड-पोलादपुरातली खोती गेली. ही सवय पुरती गेली असे मी म्हणणार नाही. मुंबईत घरकामाला गडी जाई तो गाववाल्याच्या शब्दावर, आगाऊ रकमेच्या मिंधेपणात. श्रीमंत तस्कराला गुंडापेक्षा असा मिंधा माणूस सोयीचा; तो तोंड उघडत नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत आमच्याच जिल्ह्यात, शेखाडीला, टायगर मेमनने स्फोटके उतरवली. ओझी वाहणारे टाडाखाली अडकले. शेठ परदेशी पळाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यातील दहा जणांची फाशी रद्द करून मरेपर्यंत तुरुंगवास दिला. त्यांत मेमनच्या पदरचा नोकरही होता. न्यायालयाच्या लेखी धनुर्धारी दुसरेच, हे त्यांच्या हातचे बाण.